कमी वीज खाणारा कॉम्प्युटर आणि दोन फिल्सचं युनिट

समजा तुम्ही कुवेतमध्ये राहता. सालमियात, फहाहीलमध्ये किंवा मंगफला. घरातला सहा-सात वर्षांचा डेस्कटॉप आता घरघरायला लागलाय, म्हणून नवा बघायला दुकानात जाता. विक्रेता सांगतो, ‘हा घ्या, वीज फार कमी खातो, बिलात फरक पडेल.’ खोक्यावर ‘एनर्जी स्टार’चा निळा शिक्का असतो, आतल्या पॉवर सप्लायवर ‘८० प्लस गोल्ड’ लिहिलेलं असतं. बिलात खरंच किती फरक पडतो?

उत्तर आधीच सांगून टाकतो. दिवसाचे आठ तास कॉम्प्युटर वापरणाऱ्या घरात वर्षाला साधारण एक-दीड दिनार, आणि तोही बिल तुम्ही स्वतः भरत असाल तर. बऱ्याच जणांच्या बाबतीत तेवढाही नाही. पण वीज मात्र खरोखर वाचते, आणि थोडीथोडकी नाही. मग वाचलेल्या विजेचे पैसे जातात कुठे? या लेखात तोच हिशेब करायचा आहे.

सुरुवात दरापासून करू, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे.

कुवेतमध्ये घरगुती विजेचा दर १९६६ साली युनिटला २ फिल्स ठरला. कुवेती नागरिकांच्या खासगी घरांसाठी तो आजही तोच आहे. २०१६ साली कायदा होऊन दर वाढवायला मंजुरी मिळाली, पण नागरिकांची घरं त्यातून वगळली गेली. २०१७ पासून भाड्याने दिलेल्या फ्लॅटच्या इमारतींना, तिथल्या भाषेत ‘इन्व्हेस्टमेंट’ इमारतींना, ५ फिल्सचा दर लागू झाला. आपली बहुतेक मंडळी अशाच इमारतींत राहतात.

हजार फिल्स म्हणजे एक दिनार, आणि एक दिनार म्हणजे सुमारे २८० रुपये धरू. म्हणजे २ फिल्स हे ५६ पैसे झाले आणि ५ फिल्स हे १ रुपया ४० पैसे. महाराष्ट्रात महावितरणचा घरगुती ग्राहक महिन्याला १०० युनिटच्या पुढे गेला की सगळे आकार आणि १६ टक्के वीज शुल्क धरून युनिट दहा रुपयांच्या वर जातं, आणि वरच्या टप्प्यांत आणखी चढतं. मी पुढे हिशेबासाठी ११ रुपये धरतो. दोन्हीकडचं युनिट एकच, एक किलोवॅट-तास. किंमत मात्र आठ पट, आणि कुवेती नागरिकाच्या घराशी तुलना केली तर जवळजवळ वीस पट.

त्यात आणखी एक गोष्ट आहे, जी कुवेतमध्ये राहणाऱ्याला सांगायला नको. बऱ्याच इमारतींत वीज आणि पाणी भाड्यातच धरलेलं असतं. महिन्याच्या सुरुवातीला हारिस भाडं घेऊन जातो आणि विषय संपतो. मीटर कुठे आहे हेही अनेकांना ठाऊक नसतं. अशा घरात कॉम्प्युटर कितीही काटकसरी आणला तरी तुमच्या खिशातला एक फिल्ससुद्धा वाचत नाही. जे वाचतं ते घरमालकाचं.

कॉम्प्युटर खरंच किती खातो

इथे एक गैरसमज आधी दूर करू. पॉवर सप्लायवर ‘६५० वॅट’ लिहिलेलं असतं ते त्याची ताकद सांगतं, त्याची भूक नाही. साधा डेस्कटॉप, त्यावर ब्राउझर, एक्सेल आणि एखादा व्हिडिओ चालू असेल तर ४० ते ८० वॅटमध्ये भागवतो. जुना असेल आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर शंभरपर्यंत जातो. २४ इंची एलईडी मॉनिटर २० वॅटच्या आसपास घेतो. लॅपटॉप स्क्रीनसकट १० ते २५ वॅट. हल्ली मिळणारे छोटे डबीएवढे पीसी रिकामे बसलेले असतील तर ५ ते १० वॅटवरही राहतात. गेम खेळताना मात्र चित्र पार बदलतं. मोठं ग्राफिक्स कार्ड असलेला पीसी सहज ४००-५०० वॅटला पोहोचतो.

खात्री करायची असेल तर प्लगमध्ये लावायचा वॅटमीटर मिळतो, तो आणा. कुवेतमध्ये ब्रिटिश पद्धतीचे चौकोनी तीन पिनांचे सॉकेट असतात, त्यामुळे तिथल्या पिनांचाच घ्या. आठवडाभर लावून ठेवला की खोक्यावरचे दावे वाचायची गरज राहत नाही.

आता एक ठरावीक घर घेऊ. जुना डेस्कटॉप मॉनिटरसकट सरासरी १२५ वॅट घेतो. त्याच्या जागी आणलेला छोटा पीसी आणि नवा मॉनिटर मिळून ३५ वॅट. फरक ९० वॅटचा. दिवसाला आठ तास, वर्षाचे ३६५ दिवस, म्हणजे २,९२० तास. वाचलेली वीज २६३ युनिट.

कुवेतमध्ये ५ फिल्सने याचे होतात १ दिनार ३१४ फिल्स. २ फिल्सने ५२६ फिल्स, म्हणजे अर्धा दिनार. महाराष्ट्रात ११ रुपयांनी सुमारे २,९०० रुपये.

नवी जोडी १५० दिनारला आली असं धरू. नुसत्या विजेच्या बचतीतून ती वसूल व्हायला कुवेतमध्ये ११४ वर्षं लागतील. महाराष्ट्रातही साडेचौदा वर्षं लागतील, आणि तोवर तो पीसी भंगारात गेलेला असेल. म्हणजे वीज वाचवण्यासाठी चांगला चालणारा कॉम्प्युटर काढून नवा घेणं हा व्यवहार कुवेतमध्ये हास्यास्पद आहे, पुण्यातही फारसा शहाणपणाचा नाही. दुकानदार हे सांगणार नाही, एवढंच.

‘८० प्लस’ची गोष्ट तर आणखी बारीक आहे. ही खूण २००४ पासून दिली जाते. पॉवर सप्लाय भिंतीतली एसी वीज कॉम्प्युटरला लागणाऱ्या डीसीत बदलतो आणि त्यात काही वीज उष्णता होऊन जाते. निम्म्या भारावर ब्रॉन्झ दर्जाचा सप्लाय ८५ टक्के वीज पुढे पोचवतो, गोल्ड ९० टक्के. आतल्या भागांना १०० वॅट लागत असतील तर ब्रॉन्झ भिंतीतून ११७.६ वॅट ओढेल आणि गोल्ड १११.१. फरक साडेसहा वॅट. रोज आठ तासांच्या हिशेबाने वर्षाला १९ युनिट. ५ फिल्सने ९५ फिल्स. कुवेतच्या सरकारी गिरणीच्या खुबूसचं पाकीट वर्षानुवर्षं ५० फिल्सला मिळत आलंय, म्हणजे गोल्ड सप्लाय वर्षाला दोन पाकिटं खुबूस वाचवतो, तेही पुरती दोन नाहीत. गोल्ड सप्लाय घ्यायला हरकत काहीच नाही. त्याचा पंखा कमी आवाज करतो, तो सहसा जास्त टिकतो. फक्त कारण बिलाचं देऊ नका.

याउलट फुकटातली एक गोष्ट बघा. अनेक घरांत डेस्कटॉप रात्रंदिवस चालू असतो, ‘उगाच परत सुरू कोण करत बसणार’ म्हणून. वापरात नसताना तो ६० वॅट घेत असेल आणि स्लीपमध्ये २ वॅट, तर रोजच्या सोळा तासांत वर्षाला सुमारे ३३९ युनिट वाचतात. दीडशे दिनारच्या खरेदीपेक्षा सेटिंगमधला एक बदल जास्त वीज वाचवतो. हे गणित कुठल्याही देशात तसंच राहतं.

प्रत्येक वॅट शेवटी खोलीत येतो

आता कुवेतचं जे वैशिष्ट्य आहे त्याकडे येऊ. कॉम्प्युटर जी वीज घेतो तिचं शेवटी काय होतं? पाण्याचा पंप पाणी वर चढवतो, तिथे विजेची थोडीफार ऊर्जा उंचीवरच्या पाण्यात साठते. कॉम्प्युटरमध्ये असं काहीच साठत नाही. तुमची एक्सेलची फाइल तयार झाली की विजेचा जवळजवळ प्रत्येक कण उष्णता होऊन खोलीत सुटतो. १२५ वॅटचा डेस्कटॉप म्हणजे १२५ वॅटचा हीटर, जो जाताजाता आकडेमोडही करतो.

पुण्याच्या डिसेंबरात ही ऊब कुणाला जाचत नाही. कुवेतमध्ये २१ जुलै २०१६ रोजी मित्रिबाह इथे ५३.९ अंश सेल्सिअस नोंदलं गेलं आणि जागतिक हवामान संघटनेनं तपासून ते मान्य केलं. पृथ्वीवर आजवर विश्वासार्हपणे मोजलेल्या सर्वाधिक तापमानांपैकी ते एक आहे. अशा ठिकाणी खोलीतला प्रत्येक वॅट एसीला परत बाहेर टाकावा लागतो.

एसी थंडी तयार करत नाही, तो उष्णता उचलून बाहेर नेतो. हमालासारखा. एका युनिट विजेत तो अडीच-तीन युनिट उष्णता वाहतो. मात्र बाहेर जितकं जास्त तापलेलं, तितकं त्याला ओझं उंच चढवावं लागतं आणि तितकी त्याची मजुरी वाढते. ३५ अंशांत तीन युनिट वाहणारा एसी ४८ अंशांत दोनच्या आसपास येतो. सरासरी अडीच धरू. म्हणजे कॉम्प्युटरच्या १०० वॅटमागे एसीचे आणखी ४० वॅट.

आपल्या उदाहरणात परत जाऊ. कुवेतमध्ये वर्षातले आठ महिने एसी चालतो असं धरलं तर २६३ पैकी १७५ युनिट त्या काळातले. ती उष्णता बाहेर टाकायला लागणारे ७० युनिटही वाचतात. एकूण ३३३ युनिट. ५ फिल्सने १ दिनार ६६५ फिल्स. वसुलीचा काळ ११४ वर्षांवरून ९० वर आला. प्रगती आहे!

या हिशेबातला विनोद बाजूला ठेवला तरी प्रमाण बघण्यासारखं आहे. दीड टनी एसी चालू असताना १.८ किलोवॅट घेतो असं धरू. कॉम्प्रेसर साठ टक्के वेळ चालला तर दिवसाला २६ युनिट, कडक उन्हाळ्याच्या पाच महिन्यांत जवळजवळ ३,९०० युनिट. हा एक एसी. दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये असे तीन असतात, किंवा इमारतीचा सेंट्रल एसी असतो. आपल्या कॉम्प्युटरची सगळी बचत एका एसीच्या सात टक्क्यांएवढी. धुळीच्या वादळानंतर एसीची जाळी धुतली, खिडकीच्या फटीत रबराची पट्टी लावली, तर तेवढी वीज सहज वाचते. उन्हाळ्यातल्या सर्वाधिक मागणीच्या वेळी देशाच्या एकूण विजेपैकी सत्तर टक्क्यांच्या आसपास एसीच खातात. कुवेतमध्ये विजेचा प्रश्न म्हणजे थंडाव्याचा प्रश्न. बाकीची उपकरणं तोंडी लावण्यापुरती.

‘टन’ हा शब्द इथे नीट समजून घेऊ, पुढे लागणार आहे. बर्फाच्या काळातलं ते माप आहे. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढ्या वेगाने उष्णता शोषतो तो वेग, म्हणजे साधारण साडेतीन किलोवॅट. गेम खेळताना ५०० वॅट घेणारा पीसी म्हणजे टनाचा सातवा भाग. मुलाच्या खोलीतला एक टनी एसी दुपारी हतबल का होतो, त्याचं थोडं उत्तर टेबलाखाली असू शकतं.

वफ्रामधली शंभर घरं

इथपर्यंत वाचून तुम्ही म्हणाल की कॉम्प्युटर ही कुवेतच्या विजेच्या हिशेबात नगण्यच गोष्ट आहे. बहुतेक घरांत, हो. पण २०२५ साली एका भागात ती अजिबात नगण्य नव्हती.

वफ्रा हा कुवेतच्या दक्षिणेला, सौदी सीमेजवळचा भाग. भाजीपाल्याच्या शेतांसाठी प्रसिद्ध. तिथली सुमारे शंभर घरं बिटकॉइनसारख्या आभासी चलनाच्या ‘मायनिंग’साठी वापरली जात असल्याचं वीज मंत्रालयाने सांगितलं. काही घरांचा वापर नेहमीच्या घराच्या वीस पटींपर्यंत पोचला होता. एप्रिल २०२५ मध्ये गृहखात्याने धाडी घातल्या. आभासी चलनांचं मायनिंग कुवेतमध्ये २०२३ पासूनच बंद केलेलं आहे. कारवाईनंतर वफ्राचा वीजवापर ५५ टक्क्यांनी उतरल्याचं सरकारनं जाहीर केलं. एका वस्तीची निम्म्याहून जास्त वीज कॉम्प्युटर खात होते.

हे का घडलं ते दोन आकड्यांत कळतं. मायनिंगसाठी खास बनवलेल्या यंत्रांची कार्यक्षमता गेल्या दहा वर्षांत प्रचंड सुधारली. २०१६ च्या सुमारास आलेलं अँटमायनर एस९ एका ठरावीक कामाला सुमारे ९८ ज्यूल घेत असे. एस१९ प्रो तेच काम साडेएकोणतीस ज्यूलमध्ये करू लागलं, आणि एस२१ साडेसतरामध्ये. साडेपाच पट सुधारणा! मग यंत्रानं वीज कमी घेतली का? एस९ साधारण १,३२० वॅट घेत असे. एस२१ घेतं ३,५००. काम पंधरा पट वाढलं, त्यामुळे कार्यक्षमता वाढूनही भूक वाढलीच. आणि ३,५०० वॅट म्हणजे बरोबर एक टन, हे आठवा. असं एक यंत्र बंद खोलीत ठेवलं की ती खोली थंड राखायला एक टनी एसी त्याच्यासाठीच राखून ठेवावा लागेल.

असं यंत्र चोवीस तासांत ८४ युनिट खातं. २ फिल्सने १६८ फिल्स, पन्नास रुपयांच्या आत. महाराष्ट्रातल्या घरगुती दराने तेच ९२४ रुपये रोजचे. जिथे वीज महाग तिथे अकार्यक्षम यंत्र मालकाला परवडत नाही आणि ते आपोआप बंद पडतं. जिथे वीज जवळजवळ फुकट तिथे जुनं, खादाड यंत्रही फायद्यात चालतं. स्वस्त वीज अकार्यक्षमतेचं आयुष्य वाढवते.

कार्यक्षमता वाढली की वापर वाढतो, हे निरीक्षण तसं जुनं आहे. विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञानं १८६५ साली कोळशाबद्दल तेच लिहिलं होतं. वाफेची इंजिनं सुधारली तसा इंग्लंडचा कोळसा कमी नाही, जास्त जळू लागला. घरातल्या गेमिंग पीसीचंही तेच झालंय. एनव्हिडियाचं २०१६ चं जीटीएक्स १०८० कार्ड १८० वॅटचं होतं. २०२० चं आरटीएक्स ३०९० ३५० वॅटचं, २०२२ चं ४०९० ४५० वॅटचं आणि २०२५ चं ५०९० ५७५ वॅटचं. प्रत्येक पिढी एका वॅटमध्ये आधीपेक्षा जास्त काम करते, हे खरं आहे. जाहिरात तेवढंच सांगते. बिल एकूण वॅटवर येतं.

मग पैसे कुणाचे वाचतात?

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे. ५ फिल्स हा दर आहे, खर्च नाही. कुवेतची बहुतेक वीज तेल आणि वायू जाळून होते. देशाकडे तेल मुबलक असलं तरी वायू पुरत नाही, म्हणून २००९ पासून तो द्रवरूपात आयात करावा लागतो. एक ढोबळ हिशेब स्वतःच करून बघू. एका बॅरल तेलात सुमारे १,७०० युनिटएवढी उष्णता असते. केंद्राची कार्यक्षमता ३५ टक्के धरली तर त्यातून जेमतेम ६०० युनिट वीज हाती लागते. ते बॅरल ७० डॉलरला बाहेर विकता आलं असतं असं धरलं, तर नुसत्या इंधनापोटी एका युनिटला साडेअकरा सेंट पडतात. कुवेती चलनात सुमारे ३६ फिल्स. केंद्र, तारा, पगार वेगळे.

म्हणजे तुमच्या घरात वाचलेल्या २६३ युनिटची खरी किंमत, निव्वळ इंधनाची, साडेनऊ दिनारच्या आसपास आहे. त्यातले एक दिनार ३१४ फिल्स बिलात दिसतात, तेही घरमालकाच्या. बाकीचे आठेक दिनार सरकारी तिजोरीत राहतात, न जळालेल्या तेलाच्या रूपात. बचत होते, पण जो खर्च करून कार्यक्षम यंत्र आणतो त्याच्या हाती ती लागत नाही. भाडेकरूने पैसे घालावेत आणि फायदा मालकाला किंवा राज्याला व्हावा, अशी रचना असली की लोक पैसे घालत नाहीत. हे कुवेतपुरतं नाही. मुंबईत भाड्याच्या फ्लॅटमधला एसी घरमालक निवडतो आणि बिल भाडेकरू भरतो, तेव्हा हेच उलट दिशेनं होतं. मालक सर्वांत स्वस्त एसी लावतो.

माझं मत विचाराल तर २ फिल्सचा दर ही गरिबांना दिलेली मदत नाही. ज्याचं घर जितकं मोठं आणि जितके एसी जास्त, त्याला ती सवलत तितकी जास्त मिळते. दाटीवाटीने खोलीत राहणाऱ्या कामगाराच्या वाट्याला तिचा फारच लहान तुकडा येतो.

आणि ही स्वस्ताई फुकट नसते हे २०२४ च्या उन्हाळ्यात सगळ्यांना दिसलं. त्या जूनमध्ये मागणी पुरवठ्याच्या पुढे गेली आणि १९ तारखेला देशाच्या काही भागांत भर दुपारी वीज घालवावी लागली, एकेका ठिकाणी दोन तासांपर्यंत. तेलाच्या देशात लोडशेडिंग. नंतर त्या उन्हाळ्यात मागणी १७,००० मेगावॅटच्याही पुढे गेली. शेजारी आखाती देशांच्या ग्रिडमधून वीज विकत घ्यावी लागली. २०२५ च्या एप्रिलमध्ये, म्हणजे खरा उन्हाळा सुरू व्हायच्या आतच, पुन्हा कपात झाली. एक लाख घरांनी प्रत्येकी १०० वॅटचा कॉम्प्युटर-भार कमी केला तर १० मेगावॅट होतात, त्या मागणीच्या तुलनेत काहीच नाही. तुमच्या काटकसरी पीसीने कुवेतचं ग्रिड वाचणार नाही.

पण वीज गेलेल्या त्या दोन तासांत तुमच्या घरात काय होतं, तिथे मात्र कमी वॅटला अचानक मोल येतं. ऑफिसचं काम घरून चालू असेल, मुलाची ऑनलाइन परीक्षा असेल, तर प्रश्न फिल्सचा राहत नाही, मिनिटांचा होतो. घरगुती ६५० व्हीएच्या यूपीएसमध्ये साधारण १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची बॅटरी असते. कागदावर ८४ वॅट-तास. प्रत्यक्षात यूपीएसचा स्वतःचा खर्च आणि बॅटरीच्या मर्यादा वजा जाता पन्नासच्या आसपास हाती येतात. १२५ वॅटचा जुना डेस्कटॉप त्यावर पंधरा-वीस मिनिटं तग धरेल, म्हणजे फाइल सेव्ह करून बंद करण्यापुरता. ३५ वॅटची नवी जोडी तासभर ओढेल. लॅपटॉपला यूपीएसची गरजच नाही. त्याच्या ५० वॅट-तासांच्या बॅटरीवर साध्या कामात चार तास निघतात, आणि यूपीएस तुम्ही नुसत्या राउटरला देऊ शकता. राउटर दहाएक वॅट घेतो, दोन तास आरामात निघतात. जुनी यूपीएस बॅटरी कुवेतच्या उष्णतेत लवकर मरते, तेवढं लक्षात ठेवा. ती एसी नसलेल्या कोपऱ्यात, खिडकीखाली ठेवू नका.

एक गोष्ट पर्यावरणाची, थोडक्यात. लॅपटॉपच्या आयुष्यभराच्या कार्बनपैकी मोठा वाटा तो बनवतानाच खर्च होतो, हे कंपन्यांच्या स्वतःच्या अहवालांत असतं. साधारण दोनशे किलोच्या घरात धरा. तेल-वायूच्या ग्रिडवर एका युनिटमागे ०.६ किलो धरलं तर आपल्या आठ तासवाल्या घरात नवा कॉम्प्युटर ही भरपाई दीडेक वर्षात करतो. दिवसाला तासभर मेल बघणाऱ्या घरात त्याला दहा वर्षं लागतील. तिथे जुनाच चालू ठेवा, रॅम वाढवा, एसएसडी घाला.

आता ज्या मंडळींचा कुवेतमधला मुक्काम संपत आलाय त्यांच्यासाठी. आज घेतलेला कॉम्प्युटर पाच-सात वर्षं टिकेल आणि त्यातली निम्मी वर्षं कदाचित सांगलीत किंवा डोंबिवलीत जातील. तिथे टप्प्यांचा दर आहे, आणि वाचलेलं प्रत्येक युनिट बिलाच्या सर्वांत वरच्या, म्हणजे सर्वांत महागड्या टप्प्यातून कमी होतं. महिन्याला ३१० युनिट वापरणाऱ्या घरात २२ युनिट कमी झाले तर पहिले दहा ३०० च्या पुढच्या दरानेच वाचतात. म्हणून नवा कॉम्प्युटर घ्यायचाच असेल, दोन मॉडेलांत किमतीचा फरक पाच-सात दिनारचाच असेल आणि एक ३० वॅटने कमी खात असेल, तर कुवेतच्या दरानं तो फरक वसूल व्हायला दहा-पंधरा वर्षं लागतील. महाराष्ट्रात त्याच वापरावर वर्षाला साडेनऊशे रुपये वाचतील, म्हणजे दोन वर्षांत.

निघण्याआधी वीज-पाण्याचं बिल कुणाच्या नावावर आहे ते मात्र बघून ठेवा. सप्टेंबर २०२३ पासून परदेशी नागरिकांना थकबाकी भरल्याशिवाय देश सोडता येत नाही. भाड्यात सगळं धरलंय असं वाटत असताना जुना करार तुमच्याच नावावर निघाला, तर विमानतळावर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं. कॉम्प्युटरची तशी काही अडचण नाही. कुवेतमध्ये २४० व्होल्ट, भारतात २३०, दोन्हीकडे ५० हर्ट्झ. फक्त चौकोनी पिनांची वायर तिथेच ठेवून यायची. शंभर-दीडशे रुपयांत इकडची मिळते.